पेटीवरची मुरड

बाईंच्या घरचा रिकामा सिलिंडर उचलताना गॅसच्या गाडीवरचा माणूस तो आधी गोल फिरवून बघायचा. कुठे करंजी निघतेय का, कुठे चिरोटा निघतोय का. आणि काहीतरी निघायचंच. सिलिंडर संपला की पुढची गाडी येईपर्यंत बाईंना राहवत नसे. तांबड्यावर पांढरा रंग काय उठून दिसतो, असं त्या म्हणायच्या. तो माणूस हात जोडून सांगायचा की बाई, ह्ये कंपनीचं हाय, माज्यावर येतंय. बाई त्याला चहा पाजायच्या आणि विचारायच्या, कंपनीला गोडाचं पथ्य आहे का? मग तो सिलिंडर भरून भलत्याच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. माझ्या मावशीकडे लोणीला एकदा असाच एक आला. तिनं घाबऱ्याघुबऱ्या फोन केला की सिलिंडरवर कुणीतरी अनारसा काढलाय, वर खसखससुद्धा आहे, ही करणी तर नाही ना? मी म्हटलं, करणी नाही, आमच्या बाई आहेत. मावशीचा जीव भांड्यात पडला.

बाई आम्हाला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. राहात्यात त्यांचं घर आमच्याच गल्लीत, आमच्यापासून तिसरं. त्यामुळे शाळा सुटली तरी बाई सुटायच्या नाहीत. उंच, काटकुळ्या, केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यात आकड्याच्या जागी खोचलेला ब्रश. हा ब्रश बहुतेक वेळा ओला असायचा. पांढऱ्या केसांत पिवळा पट्टा घेऊन बाई बँकेत, दवाखान्यात, लग्नाकार्यात सगळीकडे हिंडायच्या आणि कुणी सांगितलं तर म्हणायच्या, असू दे, वाळलं की खरवडून काढीन.

त्या फक्त गोडाचे पदार्थ काढायच्या. फुलं नाहीत, पानं नाहीत, मोर तर नाहीच नाही. आणि कागदावरही नाही. कागदावरचं चित्र भिंतीवर टांगून माणसं विसरून जातात, असं त्यांचं मत. रोज हाताखालून जाणारी वस्तू हवी. पिठाचा डबा, सूप, पाट, दुधाची किटली, फवारणीचा पंप, हेल्मेट. एकदा मी विचारलं होतं की बाई, गोडाचंच का? तर म्हणाल्या, "फूल कुणीही काढतं. पण दमूनभागून घरी आलेल्या माणसाला डब्यावर फूल दिसलं काय न् न दिसलं काय. करंजी दिसली तर निदान तोंडाला पाणी तरी सुटतं." बाई स्वतः मात्र गोड खायच्या नाहीत. चिरोट्याचा एक पापुद्रा जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि उरलेला समोरच्याला देऊन टाकायच्या. त्यांचं जेवण म्हणजे भाकरी आणि ठेचा, तोही असा की आमच्या घरापर्यंत ठसका यावा.

पेन्सिलीचं आणि बाईंचं वैर होतं. कंपास, पट्टी, खोडरबर यांना त्यांच्या तासाला वर्गात जागा नव्हती. जिलबी कढईत सोडल्यावर खोडता येते का, हा त्यांचा ठरलेला सवाल. ब्रश टेकवला की वेढे पुरे होईपर्यंत उचलायचा नाही आणि तोवर श्वासही सोडायचा नाही. वर्गातल्या साऱ्या मुली गाल फुगवून बसलेल्या आणि बाई मधून फिरताहेत, असं दृश्य असायचं. वेढा पुरा झाला की सगळा वर्ग एकदम सुस्कारा टाकायचा. शेजारच्या वर्गावरचे भूगोलाचे सर एकदा धावत आले होते, त्यांना वाटलं कुणाला चक्कर आली.

आणि रंग. बाईंकडे तपकिरी रंगाच्या पाच डब्या होत्या आणि त्यांना त्यांनी तळणीवरून नावं दिली होती. कोवळा, गुलाबी, खरपूस, जरा जास्त आणि शेवटचा 'गेला'. चित्र बिघडलं की त्या मुलीला रागवायच्या नाहीत. नुसतं कागदाकडे बघून म्हणायच्या, गेला तुझा घाणा, दुसरा सोड. हे वाक्य आमच्या गल्लीत इतकं रुजलं की कुणाची सोयरीक मोडली तरी बायका तेच म्हणायच्या.

पदार्थ समोर ताजा हवा, ही दुसरी अट. आठवणीनं काढलेली जिलबी म्हणजे शिळी जिलबी. एकदा त्यांनी वर्गात ताटभर चिरोटे आणून टेबलावर मांडले, आकार नीट बघा म्हणाल्या आणि मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हणून गेल्या. परत येईपर्यंत ताट रिकामं. सगळ्यांच्या तोंडाला पिठीसाखर. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. बाईंनी शांतपणे पाटी पुसली आणि म्हणाल्या, "डोळ्यानं बघून काढायचं होतं, तुम्ही जिभेनं बघितलंय. आता जिभेनं काढा." त्या दिवसाइतके चांगले चिरोटे आमच्या वर्गानं पुन्हा कधी काढले नाहीत. मार चुकला म्हणून आलेला जोर असावा.

आठवडे बाजाराच्या दिवशी बाई जिलबीवाल्याच्या कढईपुढे जाऊन उभ्या राहायच्या. घ्यायच्या काही नाहीत, नुसता त्याचा हात बघायच्या. कढईतल्या तेलाला नाही, पण या नजरेला तो माणूस भ्यायचा. बाई आल्या की त्याची जिलबी फिसकटायला लागायची, सुटी सुटी, पाय फाकलेली. शेवटी त्यानं एकदा कळवळून सांगितलं की बाई, तुमी जरा बाजूला व्हा, माजा हात लाजतोय. बाईंना ते इतकं पटलं की त्यांनी त्याच्या गाडीच्या चारी कडांना फुकट जिलब्या काढून दिल्या आणि नंतर कधी त्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या नाहीत. लांब भाजीवाल्यांच्या आडोशानं बघायच्या.

तुम्ही वस्तू घेऊन गेलात तरी काय काढायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. वस्तू कुणाची, एवढंच त्या विचारायच्या आणि त्या माणसाकडे थोडा वेळ बघायच्या. प्रत्येक माणसाचा एक पदार्थ असतो, असा त्यांचा पक्का हिशेब. आमच्या समोरच्या निवृत्त तलाठी काकांच्या हेल्मेटवर त्यांनी बत्तासा काढला. काकांना तो फार लागला, कारण बत्तासा म्हणजे वरून गोल आणि आत पोकळ. त्यांच्या बायकोनं हसून हसून डोळ्यांतून पाणी काढलं, त्यानं आणखीच लागला. काकांनी बाईंशी बोलणं टाकलं, पण शिर्डीच्या रस्त्यावर हेल्मेटसाठी पोलीस धरतात, त्यामुळे बत्तासा डोक्यावर घेऊन हिंडणं त्यांना सुटलं नाही. माझ्या डब्यावर शाळेत असताना शंकरपाळी आली होती. मी कारण विचारलं. बाई म्हणाल्या, कुठूनही धर, टोचतेसच. हे मी आईला सांगितलं तर आईनं बाईंना दुसऱ्या दिवशी मुद्दाम बोलावून चहा पाजला.

बाईंचं लग्न झालं होतं, हे गावातल्या जुन्या माणसांना माहीत होतं आणि आम्हाला नुसतं कुणकुणीनं. पाथर्डीकडे कुठेतरी दिलं होतं. वर्षाच्या आत परत आल्या, मग शिकल्या, नोकरी धरली, आईवडील गेल्यावर त्याच घरात एकट्या राहिल्या. याहून जास्त कुणी बोलत नसे. बाई तर नाहीच. त्यांच्या गप्पांत पाक, तळण, कड, पापुद्रे असं सगळं असायचं, पण सासर हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा राजूरचा. अकोले तालुक्यात वर डोंगरात, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं राजूर. घरचं पेढ्याचं दुकान, बापलेक मिळून चालवत. बाईंना हे कळलं तेव्हा त्या दुःखी झाल्या. पेढ्याला रेष नाही, म्हणाल्या. गोळा करायचा आणि अंगठा दाबायचा, यात कसब ते काय? पण मला तो मुलगा मनापासून आवडला होता. बघायला आला तेव्हा आमच्या पाण्याच्या पिंपावरची जिलबी त्यानं बोटानं आतून बाहेर गिरवून बघितली होती आणि हे कुणी केलं, असं विचारलं होतं. त्यानंतर आम्ही फोनवर रोज बोलायचो. हे लग्न व्हावं असं मला जेवढं वाटत होतं तेवढं आजवर कशाबद्दलच वाटलं नव्हतं.

रुखवताचं काम आईनं अर्थातच बाईंना सांगितलं. सूप, पाट, लोटी, करंडा, सगळं त्यांनी रंगवून दिलं. बाबांनी मला नवी चाकांची बॅग आणली होती, ती मात्र त्यांनी परत पाठवली. असल्या कापडावर रंग धरत नाही, पत्र्याची पेटी द्या म्हणाल्या. तेव्हा आईनं स्वतःच्या लग्नातली पेटी माळ्यावरून काढली, बाबांनी ती ठोकूनठाकून सरळ करून आणली आणि बाईंच्या घरी नेऊन ठेवली. बाई काम पुरं होईपर्यंत कुणाला दाखवत नसत. लग्नाच्या दिवशी सकाळी त्या स्वतःच पेटी रिक्षात घालून, वर जुनं लुगडं झाकून कार्यालयात आल्या आणि रुखवताच्या टेबलावर मधोमध ठेवून त्यांनी लुगडं काढलं.

मी ती नंतर पाहिली, पण ज्यांनी तेव्हा पाहिली ते सांगतात की सगळे टेबलाभोवती वाकून बघायला लागले. झाकणावर एक मोठा कानवला आणि झाकणाच्या चारी कडांनी फिरलेली त्याची मुरड. करंजीची कड कातण्यानं कापतात. कानवल्याची कड बोटांनी दुमडत, एकावर एक पीळ घालत न्यायची असते, तिला मुरड म्हणतात. ती बाईंनी एकाच रेषेत, ब्रश न उचलता, सबंध पेटीला घातली होती. कुठे सांधा दिसत नव्हता.

कौतुक सुरू होणार तेवढ्यात नवऱ्या मुलाची आत्या पुढे आली. आमच्याकडे घरातून कुणी लांब निघालं की त्याला मुरडीचा कानवला करून खाऊ घालतात. खाल्लेलं माणूस मुरडून घरी येतं, असं मानतात. गौरींनाही निघताना दाखवतात, त्यांनी पुढच्या वर्षी यावं म्हणून. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आत्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावून सांगितलं आणि मग विचारलं की नवरीच्या पेटीवर मुरड म्हणजे काय? पोरगी माघारी यावी म्हणून आताच देवाला सांगून ठेवलंय का?

झालं. इकडच्या चार बायका म्हणाल्या तसं काही नसतं, तिकडच्या चार म्हणाल्या असतं. गोष्ट बायकांतून पुरुषांत गेली. थोड्या वेळानं मुलाकडचे एक काका बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, एवढं पुसून टाका, नाहीतर आमच्याकडची म्हातारी माणसं काही अक्षता टाकायची नाहीत. मुलगा बिचारा काहीतरी बोलायला गेला तर त्याला मुंडावळ्या बांधलेल्या माणसानं बोलू नये म्हणून खाली बसवलं. बाबांनी कुठूनतरी टर्पेंटाइनची बाटली आणवली. आई ती बाटली आणि फडकं घेऊन बाईंपुढे गेली आणि म्हणाली, बाई, चुकून झालं असंल, तेवढी कड पुसून द्या.

बाई म्हणाल्या, जिची पेटी तिनं सांगितलं तर पुसते.

मी आतल्या खोलीत पिवळ्या साडीत बसले होते. बाहेर काय चाललंय हे मला तुकड्यातुकड्यानं येऊन सांगितलं जात होतं. बाई आत आल्या. अंबाड्यात त्या दिवशी ब्रश नव्हता, मोगऱ्याचा गजरा होता, त्यामुळे त्या परक्याच दिसत होत्या. त्यांच्या मागे दारात आई, हातात बाटली तशीच.

मी विचारलं, "बाई, खरंच चुकून झालं का हो?"

"माझा हात चुकून चालतो का?" बाई माझ्यासमोर पाटावर बसल्या. मग खालच्या आवाजात, तळणाबद्दल बोलावं तितक्या सरळपणे त्यांनी सांगितलं. "मी आले ना तिकडून, तेव्हा दुपार होती. दार लोटलेलं होतं. कडीसुद्धा लावलेली नव्हती गं. मी ढकललं असतं तर उघडलं असतं. पण आतून कुणीतरी उघडावं असं वाटत होतं. आत चर्चा चालली होती. घ्यायचं का, लोक काय म्हणतील, धाकटीचं लग्न व्हायचंय. मला सगळं ऐकू येत होतं. चर्चा संपेपर्यंत मी उन्हात उभी होते."

मी त्यांच्या पाटाजवळ सरकले.

"उघडलं शेवटी, नाही असं नाही," बाई म्हणाल्या. "पण ती मुरड मी तुझ्या सासरच्यांसाठी काढलेली नाही. तुझ्या आईबापासाठी काढलीय. तुझं चांगलंच होईल, मुलगा गुणी आहे. तरीपण त्यांच्या ध्यानात असावं. आता सांग, पुसू?"

मला रडू यायला लागलं होतं आणि डोळ्यातलं काजळ गालावर आलं तर आणखी एक अपशकुन होईल, अशीही भीती वाटत होती. लग्न मोडेल हेही दिसत होतं. पण पुसा हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. मी मान हलवली, नाही म्हणून. आईनं हातातली बाटली खाली ठेवली. माझी आई कधी कुणाशी वाद घालणारी बाई नाही. विहिणीपुढे तर ती सकाळपासून वाकूनच होती. ती तशीच वळली आणि बाहेर गेली. मी दाराच्या फटीतून बघत होते.

आई रुखवतापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "ती कड ऱ्हाऊ द्या. पोरगी कवाबी आली तरी आमचं दार उघडं हाय. ह्ये आमी बोलून दाखवायला पायजे हुतं, बाईंनी काढून दाखवलं." एवढं बोलून तिनं टेबलाला घट्ट धरलं.

आत्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात माझ्या होणाऱ्या सासूबाई उठल्या. लहानखुरी बाई, डोंगरातली, सकाळपासून एका खुर्चीत गप्प बसलेली. नवऱ्या मुलाची थोरली बहीण लग्नाला आली नव्हती. तब्येत बरी नाही असं आम्हाला सांगितलं होतं आणि आम्हीही पुढे विचारलं नव्हतं. सासूबाई पेटीपाशी आल्या, त्यांनी मुरडीवर एक बोट ठेवलं आणि ते कडेकडेनं फिरवत सबंध झाकणाला प्रदक्षिणा घातली. सुरू केलं तिथे बोट परत आल्यावर त्या थांबल्या.

"वन्सं," त्या आत्यांना म्हणाल्या, "माघारी येनारी सून मला चालंल. माघारी येता येत न्हाई अशी लेक हाय माजी. ती न्हाई सोसवत."

मग त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि भटजींना म्हणाल्या, मुहूर्त जातोय, अंतरपाट धरा. मला त्यानंतरचं फारसं आठवत नाही. मंगलाष्टकं चालली होती आणि मी अंतरपाटाच्या अलीकडे उभी राहून फक्त श्वास घेत होते, बाईंच्या तासाला वेढा पुरा झाल्यावर घ्यायचो तसा. अक्षता सगळ्यांनी टाकल्या. आत्यांनीही टाकल्या, जरा जोरात टाकल्या.

जेवणाच्या वेळी सासूबाई शोधत शोधत बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघी काय बोलल्या ते मला नंतर कळलं. सासूबाईंची लेक दिली होती ते घर तिला माणसांत मिसळू न देणारं होतं. बरीच वर्षं झाली, तिला दिवाळीला पाठवत नव्हते, सणाला नाही, फोन तिच्या हातात देत नव्हते. माहेरचं कुणी भेटायला गेलं की ओसरीवरूनच चहा पाजून वाटेला लावायचे. आणि इकडे राजूरला भावकी म्हणायची, दिलेली लेक, नांदू द्या, आपल्याहून काही बोलू नका. सासूबाईंनी बाईंना विचारलं की तिच्यासाठी एक डबा रंगवून द्याल का? आत पेढे घालून देईन, पेढ्याला तिथले नाही म्हणत नाहीत. बाईंनी लेकीचा स्वभाव विचारला नाही, फोटो मागितला नाही. डब्याच्या झाकणाला मुरड घातली आणि चार दिवसांत तो माणसाकरवी राजूरला पाठवून दिला. सासूबाई स्वतः तो डबा घेऊन गेल्या. लेक दारात आली, डबा तिच्या हातात दिला, झाकणाकडे बघून तिनं मान खाली घातली, एवढंच. सासूबाई परत आल्या आणि नेहमीसारख्या खव्याच्या कढईपुढे बसल्या.

राजूरला मी रुळले. बाईंना फोनवर मी पेढ्याची बाजू पटवायचा प्रयत्न करायचे आणि त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. शेवटी मात्र दर वेळी विचारायच्या, डब्याचं काय? मी म्हणायचे, काही नाही अजून. सण गेले, महिने गेले. माझा तर धीर सुटत चालला होता. रंगवलेल्या झाकणानं कुणाचं दार उघडत असतं का, असंही मनात यायचं, पण सासूबाईंपुढे बोलायची छाती नव्हती.

मग थंडीतली एक सकाळ. सासरे आणि नवरा दुकानात गेले होते. सासूबाई मागच्या पडवीत खवा घोटत होत्या. खवा आळायला आला की हात थांबवता येत नाही, थांबला की बुडाला लागतो. पुढचं दार वाजलं. वाजलं म्हणजे कुणीतरी नुसतं बोट टेकवलं असावं, इतकंच. सासूबाईंनी आतून विचारलं, कोन हाय गं? मी जाऊन दार उघडलं. समोर एक बाई उभी होती, पायात चपला वेगवेगळ्या, हातात भाजीची पिशवी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण जबडा माझ्या नवऱ्याचाच होता. ती माझ्याकडे बघत होती, आत यायचं धाडस करत नव्हती. मी बाजूला झाले. झाले कसली, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला आत ओढलंच.

सासूबाईंना काय कळलं कुणास ठाऊक, त्या हातातलं उलथणं टाकून पळत आल्या. दोघी मायलेकी उंबऱ्याच्या आत एकमेकींना धरून खाली बसल्या. मी दार लावून घेतलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. थोड्या वेळानं घरभर वास सुटला. तेव्हा आमच्या ध्यानात आलं. सासूबाईंचा खवा लागलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. सासरे दुपारी जेवायला आले, त्यांनी कढई बघितली, लेकीला बघितलं आणि कढई स्वतः नळाखाली घासायला घेतली. नणंद पुन्हा तिकडे गेली नाही. आता ती आमच्या दुकानात बसते आणि गिऱ्हाइकाला पेढा मोडून चाखायला देते, ते मात्र सासऱ्यांना परवडत नाही.

त्याच दिवशी जरा निवांत झाल्यावर मी बाईंना फोन केला. म्हटलं, बाई, आली. मग बाईंनी विचारलं, डबा आणला का? आपली रंगवलेली प्रत्येक वस्तू कुठे आहे याची त्यांना काळजी असायची, म्हणून मी जरा भीत भीत सांगितलं की डबा तिथंच राहिला, तिला भाजीला जाते म्हणूनच निघता आलं. जाऊ दे, बाई म्हणाल्या, दुसरा काढू.

मग म्हणाल्या, "दार कुणी उघडलं?"

"मी."

"आत काही चर्चा?"

"चर्चा कसली बाई," मी म्हटलं, "सासूबाई धावत आल्या आणि कढईतला खवा करपला."

बाई हसल्या. शाळेत आणि गल्लीत मिळून मी त्यांना इतकी वर्षं पाहिलं, पण असं मोठ्यानं, खोकला येईपर्यंत हसताना कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता त्या फोन बंद करायला विसरल्या. मीही केला नाही. पलीकडून तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला, आणि बाई एकट्याच म्हणत होत्या, करपला म्हणे खवा, करपला म्हणे.